काचेवरचा कौल

"पाण्याखाली गेलेलं एक आख्खं गाव मी वर्षभर कॉम्प्युटरवर जिवंत ठेवलं होतं," मी म्हणालो. गिरणीत बसलेल्यांपैकी एकानंही मान वर केली नाही.

"तुमचा विश्वास बसणार नाही," मी पुढं रेटलं. "बसायलाही नको. विश्वास ठेवणाऱ्यांचं काय झालं, ते या माळावर दिसतंच आहे."

"आप्पा, मागल्या खेपेला तुम्ही वाघाला ताक पाजलं होतं," विक्रांत म्हणाला.

"वाघाचं पोट बिघडलेलं होतं. त्यात खोटं काय?"

वीज गेली होती. ती आमच्या वसाहतीत येते कमी आणि जाते जास्त, त्यामुळं दळण टाकायला आलेली माणसं आपापल्या डब्यांना टेकून बसलेली. विक्रांत गिरणी चालवतो. शहरात जाऊन कॉम्प्युटरचा मोठा कोर्स करून आला, सर्टिफिकेट पट्ट्यावरच्या भिंतीला टांगलं, आणि त्याच्यावर आता पीठ बसतं. आमच्या दगडूदादा पाटलांचा हा नातू. दाराशी उजेडात जनाक्का सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. ती माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा चार पावसाळे थोरली, आणि या वसाहतीत मला अजून 'सख्या' म्हणणारी एकटीच.

"कुठलं गाव?" दारातून कुणीतरी विचारलं.

"दुसरं कुठलं असणार? आपलंच. मोगरवणे."

जनाक्काचं सूप तेवढ्यापुरतं थांबलं आणि पुन्हा हलायला लागलं.

मी सांगायला घेतलं.

धरणाचे दरवाजे बंद झाले आणि मोगरवणे खालून वर बुडत गेलं. आधी वेशीतला पार, मग शाळा, मग निनाईचं देऊळ. सरकारनं आपल्याला हा माळ दाखवला. कुदळ मारली तर जमिनीला काही होत नाही, कुदळीची धार जाते. निम्मं गाव तरी गपगुमान ट्रकात बसलं. निम्मं म्हणालं, आम्ही जात नाही. ती माणसं पाण्याच्या रेघेच्या वर चढली, कारवीच्या कुडाची खोपटी घातली आणि तिथंच ठाण मांडून बसली. सरकारी कागदावर तिथं डोंगर होता. माणसं नव्हती.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत रेशनच्या टेबलाला ऑपरेटर होतो. जातीनं गुरव, निनाईची पूजा माझ्या घराण्याची. पण पूजेत पोट भरत नाही म्हणून टायपिंग शिकलो आणि देवाऐवजी कॉम्प्युटरपुढं बसलो. मशीन म्हणाल तर देव्हाऱ्याएवढं. काळी काच, तिच्यावर हिरवी अक्षरं, आणि मागून पंख्याचा असा आवाज की दूरध्वनीवर साहेबांना वाटायचं मी गिरणीतूनच बोलतोय. त्यातला रेशनचा प्रोग्राम पेंडसे नावाच्या एका पोरानं बनवलेला. त्यात गावाचं नाव हातानं टाईप करून घालता यायचं. काढायचं असेल तर मात्र पेंडशाचा गुप्त शब्द लागायचा. पेंडसे दुबईला गेला आणि तो शब्द बरोबर घेऊन गेला.

"पासवर्ड," विक्रांत म्हणाला.

"तू म्हण पासवर्ड. आम्ही पेंडशाची किल्ली म्हणायचो."

म्हणजे झालं काय, की नकाशावर मोगरवण्यावर निळी शाई फिरली, तलाठ्यानं दप्तरात लाल रेघ मारली, पण कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नाही की गाव बुडालं. तो आपला दर महिन्याला इमानदारीत गहू, तांदूळ आणि रॉकेल मोगरवण्याच्या नावानं छापत राहिला. ट्रक निघायचा. घाट चढून पाण्याच्या कडेला यायचा. पुढं रस्ता पाण्यात शिरलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा आणि डोंगरावरून माणसं उतरायची, पोती डोक्यावर घ्यायची आणि वर निघायची. त्या धान्यावर तो डोंगर जगला.

"एवढंच?" विक्रांत म्हणाला. "यात न पटण्यासारखं काय आहे? आजही होतं हे."

"थांब की. दात यायच्या आधी चावायला बघतोस."

आमची यादी कॉम्प्युटरनं छापलेली. बाकीच्या कचेऱ्यांत तेव्हा सगळं हातानं. आणि कॉम्प्युटरमधून निघालं ते खरं, अशी त्या काळची माणसं. त्यामुळं जो तो आमची यादी मागून न्यायचा. एसटीवाल्यांनी नेली, आणि मोगरवण्याची गाडी पुन्हा सुरू झाली. यायची, पाण्यात पुढची चाकं बुडवायची, कंडक्टर उतरून 'मोगरवणे' म्हणून ओरडायचा, आणि मग डबल बेल. हिवतापवाल्यांनी नेली. त्यांचा माणूस आला, पाठीला पंप, आणि पाण्याच्या कडेनं फवारत गेला. म्हणाला, डासांना मुळातच गाठलेलं बरं. निवडणूक लागली तेव्हा मतदान केंद्र लिहून आलं, प्राथमिक शाळा, मोगरवणे. साहेब लोक पेटी घेऊन आले. शाळा कुठाय म्हणाले. तुझ्या आज्यानं बोट करून पाणी दाखवलं. तर त्यांनी होडी मागवली, शाळेच्या बरोबर वर नांगर टाकला आणि मतदान घेतलं. कायदा म्हणजे कायदा.

"आणि मास्तर?" दारातला विचारता झाला. त्याला ही गोष्ट थोडी ठाऊक असावी.

"मास्तराची तर शिक्षेची बदली झालेली. जिल्ह्यातलं सगळ्यांत वाईट गाव शोधून दिलं त्याला. बिचारा आला, काठावर उभा राहिला, आणि हजेरी घेऊन गेला."

"हजेरी कुणाची?" विक्रांत म्हणाला.

"बेडकांची. दोघं गैरहजर होती."

गिरणीत हशा पिकला. जनाक्का हसली नाही. तिनं एक खडा उजेडाकडं धरून पाहिला आणि उंबऱ्याबाहेर टाकला.

"सख्या, सांगायचं तर नीट सांग," ती म्हणाली. "माणसं डोंगरावर का राहिली ते सांग."

"ज्याची त्याची कारणं होती, अक्का."

"माझं सांग. मला काय लाज आहे त्याची?"

मग सांगणं भाग होतं.

जनाक्का गावची अंगणवाडीची बाई. नवरा लवकर गेलेला, एकच पोरगा, अनंता. धरणाची भिंत बांधायला सुरुवात झाली तेव्हा त्याला मिसरूड फुटायचं होतं. तो म्हणायचा, आई, मिळतोय तो प्लॉट घेऊ आणि जाऊ. ही म्हणायची, मी हलायची नाही. एका संध्याकाळी तोंडाला तोंड लागलं. 'बुड मग इथंच,' म्हणाला आणि निघाला. मुंबईला गेला म्हणतात. पत्र नाही, निरोप नाही. कोण म्हणालं भायखळ्याला दिसला, कोण म्हणालं सुरतेला. त्यानंतर पाणी आलं. गावातल्या बाकीच्यांना डोंगरावर राहायला जमीन होती, गुरं होती, हट्ट होता. हिला एवढंच होतं की पोरगं परत येईल तेव्हा मोगरवणे विचारत येईल. या माळाचा पत्ता त्याला कोण सांगणार? पाण्याच्या वर निदान आई दिसली पाहिजे.

जुन्या प्रोग्राममध्ये प्रत्येक घरातली माणसं नावानिशी होती. जनाबाई गुरव, आणि खाली अनंता गुरव. दर महिन्याला ती डोंगर उतरून कचेरीत यायची. रेशनचं काहीतरी विचारायची, जे तिला आधीच ठाऊक असायचं. मग म्हणायची, सख्या, काच जरा इकडं फिरव. मी फिरवायचो. ती वाचायची. लिहिता-वाचता येणारी बाई, तिला वेळ लागायचा नाही. तरी पुष्कळ वेळ बघत बसायची. मग पदर सावरून उठायची. 'आहे,' म्हणायची आणि जायची.

गिरणीत आता कुणी हसत नव्हतं. मला ते आवडेना. गोष्ट हातातून सुटत होती.

"तर अशात," मी जरा आवाज चढवला, "वरून चकती आली."

"सीडी," विक्रांत.

"चकतीच. आरशासारखी. आमच्या शिपायानं तिच्यात बघून भांग पाडला."

आमचे साहेब होते भोगले. मवाळ माणूस. कुणावर ओरडायचं झालं तर आधी खिडकी लावून घ्यायचा. त्यांनी मला बोलावलं आणि चकती टेबलावर ठेवली.

"सखाराम, हा नवा प्रोग्राम. महिना संपायच्या आत बसवायचा."

"साहेब, जुना चालतोय की. अडतो अधनंमधनं, पण थोपटलं की चालतो."

"चालतोय हेच दुखणं आहे. यात गावं वरूनच भरून येतात. आपल्याला टाईप करायची सोयच ठेवलेली नाही."

"सगळी गावं?"

भोगले उठले. खिडकी लावली.

"बुडालेली सोडून," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, दोन्ही ठेवू. नवा बाकी तालुक्याला, जुना एका मोगरवण्याला. कुणाला कळतंय?"

"मशीन एकच आहे. नवा घातला की जुना पुसला जातो, मग परत आणता येत नाही. आणि नाही घातला, तर पुढच्या महिन्यापासून जुन्या यादीवर गोदाम दाणा सोडणार नाही. आख्ख्या तालुक्याला. तू सांग, काय करू?"

एका पारड्यात सगळा तालुका, दुसऱ्यात आमची खोपटी.

"तुझ्या लोकांना विचार," भोगले म्हणाले. "खाली वसाहतीत जात असतील तर तिथल्या यादीत मी नावं बसवून घेतो. ट्रकही देतो. डोंगरावरच राहिले, तर ते कुठंच नसतील. गहू नाही, मत नाही. उद्या साप चावला तर औषधाला गाव विचारतील, काय सांगतील?"

"आणि जे सध्या गावात नाहीत त्यांची नावं?"

"समोर उभा राहील त्याचंच नाव. फोटो काढायचा आहे."

"एखादा मुंबईला असेल तर?"

"मुंबईला असेल तर मुंबईला असेल, सखाराम." ते इतकं हळू म्हणाले की मला राग धरता आला नाही. "बाजाराच्या दिवसापर्यंत थांबतो. त्यापुढं माझ्या हातात नाही."

मी त्याच दिवशी डोंगर चढलो. सगळ्यांना तुझ्या आज्याच्या खोपटापुढं गोळा केलं आणि सांगितलं. जुनं ठेवलं तर काय, नवं घेतलं तर काय. खाली पाणी चमकत होतं. मग एकेकाला कंठ फुटला.

"जुनंच ऱ्हाऊ द्या की," कुणी म्हणालं. "कुणाच्या पोटात दुखतंय?"

"जुनं ठिवलं तर समद्या तालुक्याचा गहू बंद व्हतोय. लोक आपल्याला दगडं मारतील."

"मारू द्या. आदी पाणी मारलं, आता दगडं."

तुझा आजा ऐकत होता. दगडूदादाचं तोंड म्हणजे कुलूप, उघडायला वेळ लागायचा. पण उघडलं की त्यापुढं कुणी बोलायचं नाही.

"आपुन कंदी आपल्या मनानं कायी ठरिवलंय का?" दादा म्हणाला. "पेरणी व्हय का न्हाई, लगीन व्हय का न्हाई, समदं निनाईला इचारलं. मंग ह्ये का माणसानं ठरवायचं? कौल लावा."

आता या माळावर जन्मलेल्यांना कौल म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. देवीला प्रश्न घालायचा. गुरवानं तिच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग हायकोर्ट जरी आलं तरी त्याच्यावर अपील नाही. देवीला गावाबरोबर हलवायचं का, तेही कौल लावूनच विचारलेलं. डावी पडली. म्हणून आम्ही वर आलो आणि निनाई खाली राहिली, चांगल्या दहा पुरुष खोल पाण्याखाली.

"दादा, कौल कुणाला लावणार?" मी म्हटलं. "देवी तर तळाला."

दादानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि म्हणाला, "गाव कुठं हाय आता?"

"बुडालं."

"न्हाई. तूच म्हनलास. पान्यात न्हाई, डोंगराव न्हाई. गाव ऱ्हायलंय त्ये तुज्या त्या खोक्यात. व्हय का न्हाई?"

"होय."

"मंग जितं गाव, तितं गावाची देवी. खोक्याला लाव."

"दादा, ते लोखंडाचं खोकं आहे."

"आन् निनाई कशाची हाय? दगडाचीच न्हवं?"

सगळ्यांना पटलं. खरं सांगतो, मलाही पटलं.

एकटी जनाक्का उभी राहिली. "डावी पडली तर?" तिनं विचारलं.

"तर जायचं," दादा म्हणाला.

"आणि माझा अनंता?"

खाली काठावर एसटी येऊन हॉर्न वाजवत होती. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही.

मी गिरणीत जरा थांबलो. विक्रांतनं सर्टिफिकेटवरचं पीठ शर्टाच्या बाहीनं पुसलं. कशाला पुसलं कुणास ठाऊक.

"मग बाजाराच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो, "भोगले साहेबांना वरून फोन आला."

"काय म्हणाले?"

"जेवलात का म्हणाले. तू मधे बोलू नकोस, माझा धागा तुटतो."

बाजाराचा दिवस उजाडला. डोंगरावरचं सगळं मोगरवणे खाली उतरलं आणि कचेरीत शिरलं. दारात चपलांचा ढीग. शिपाई म्हणाला, अहो, कचेरी आहे, चपला राहू द्या. बाया म्हणाल्या, तुझ्यासाठी नाही काढल्या. मी पँट उतरवून पंचा नेसलो होतो. नारळ, उदबत्ती, झेंडूच्या पाकळ्या, तांब्याभर पाणी. बाजूच्या टेबलावरचा कारकून फाईल घेऊन उठला आणि हात जोडून उभा राहिला. त्याला काय माहीत काय चाललंय, पण उदबत्ती दिसली की हात आपोआप जोडले जातात.

पहिला वाद उजवा हात कुठला यावर झाला. एक म्हणाला आपला उजवा. दुसरा म्हणाला, देवीचा उजवा म्हणजे आपला डावा, ती आपल्याकडं तोंड करून असते. तिसऱ्याचं म्हणणं, मशीनचं तोंड पुढं आहे का मागं, हे आधी कंपनीला विचारा, कारण वारा मागून येतोय. शेवटी तुझा आजा म्हणाला, जिकडं आपण हात जोडतो ते तिचं तोंड. मिटलं.

मी काच पुसली, पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि चिकटवल्या. एक या कडेला, एक त्या कडेला.

"आप्पा, खरं सांगा," विक्रांत म्हणाला. "गुरव लोक एक पाकळी जास्त ओली करतात ना? जास्त ओली ती उशिरा पडते."

"गुरवाच्या बोटात किती पाणी असतं हे देवीला ठाऊक आणि गुरवाला. तिसऱ्यानं विचारू नये."

"पण त्या दिवशी?"

"त्या दिवशी दोन्ही सारख्या. शपथ घेतो. कुठली पडते यात माझा काय फायदा होता?"

हे मी जरा जोरात म्हणालो असेन. जनाक्कानं सूप खाली ठेवलं.

दगडूदादानं गाऱ्हाणं घातलं. अजून माझ्या कानात आहे. आई निनाई, तू पान्याखाली, आमी पान्याव. तुजी ओटी भरायला खाली येता येत न्हाई, त्याची माफी कर. तुला सोडून जायाचं का न्हाई त्येचा निवाडा दे. जुनं ऱ्हाऊ द्यायचं आसंल, गावाचं नाव ऱ्हाऊ द्यायचं आसंल, तर उजवी दे. नवं घिऊन, नाव सोडून, माळाव जायाचं आसंल तर डावी दे. लेकरं हाईत तुजी, तिष्टत ठिवू नगंस.

"व्हय आई," सगळे म्हणाले. कारकूनही म्हणाला.

पण तिनं तिष्टत ठेवलंच. आता इथं न पटणारा भाग येतो. दगडावरची पाकळी सुकते आणि पडते. पण त्या काचेला वीज होती. काचेजवळ हात नेला तर केस उभे राहायचे. पाकळ्या त्या काचेला अशा बिलगल्या की पडेनात. वाळल्या, कडा वळल्या, तरी पडेनात. बाजार भरला, बाजार उलगला. बाया भिंतीला टेकल्या. म्हातारी माणसं फरशीवर आडवी झाली. भोगले साहेब खिडकीशी पाठमोरे उभे. दोनदा म्हणाले, "सखाराम, लवकर उरका," पण वळून बघितलं नाही. कुणी जेवलं नाही. सगळ्यांची नजर त्या दोन पाकळ्यांवर. जनाक्का तर सगळ्यांत पुढं, काचेला नाक लागेल इतकी जवळ, मांडी घालून. मी दोनदा म्हणालो, अक्का, जरा मागं सर, देवीला वारा लागू दे. सरली नाही.

मग डावी पडली.

आवाज झाला नाही, पण सगळ्यांना ऐकू आली. दगडूदादानं पटका काढून मांडीवर ठेवला. एकही बाई रडली नाही. इतकी वर्षं मी त्यावर विचार केलाय, की एक तरी रडायला हवी होती. जनाक्का जागची उठली आणि पाकळी उचलून पदरात बांधली.

"निनाईनंच धाडलं," दादा म्हणाला. "आता कुणाला बोल लावाया नगं. घाल बाबा तुजी चकती."

आणि त्यांच्यासमोर, सगळ्यांच्या देखत, मी चकती घातली. मशीन घरघरलं. काच एकदा काळी झाली, एकदा निळी. आणि त्या निळ्यावर बरोबर मधोमध मोगरवणे असं नाव उमटलं, एकदा मोठं झालं, एकदा लहान, जसं कुणी आत श्वास घेतंय. मग विझलं.

विझलं आणि मशीनच्या बुडातून पाणी यायला लागलं.

"काय?" विक्रांत म्हणाला.

"पाणी. आधी थेंब थेंब, मग धार. टेबलावरून फरशीवर. गढूळ नाही, नितळ, धरणाचं. चांगलं घोट्याएवढं साचलं. चपला तरंगत दारातून बाहेर गेल्या. आणि ज्या फटीत आम्ही जुनी चौकोनी तबकडी घालायचो, त्या फटीतून एक मासा बाहेर आला."

"मासा."

"मरळ. बोटाएवढी. माझ्याकडं बघितलं, शेपूट हलवली आणि चपलांच्या मागं गेली."

आता मात्र गिरणी हसली. दारातला तर पोट धरून बसला. विक्रांत म्हणाला, "आप्पा, कॉम्प्युटरमध्ये पाणी गेलं तर तो जळतो हो. मासा कुठला यायला?" आणि मी म्हणालो, "तुझ्या कोर्सात शिकवला नसेल." आणि ते पुन्हा हसले. मलाही बरं वाटलं. गोष्ट जिथं आणायची होती तिथं आली होती. मासा धरून बसले की माणसं बाकीचं सोडून देतात.

सगळे हसायचे थांबेपर्यंत जनाक्का थांबली. मग सुपातली ज्वारी तिनं पायलीत ओतली, हात झटकले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"मासा निघाला असेल, सख्या. त्याला मी खोटं म्हणत नाही."

"बघा," मी म्हणालो.

"पण तू पाकळ्या लावत होतास, तेव्हा मी काचेवर माझ्या अनंताला हुडकत होते. गावांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, आणि परत खालून वर. मेटवाडी होती, आणि मग एकदम मोरखिंड. मधे काही नव्हतं. चकती तू आदल्या दिवशीच घातली होतीस."